जुन्या वस्तू दिल्या की आयकर वाचतो, हे खरं नाही

दिवाळीची साफसफाई निघाली की बेळगावच्या टिळकवाडीपासून खानापूर-निपाणीपर्यंत एक सल्ला हमखास ऐकू येतो: जुनी भांडी, कपडे, कपाट एखाद्या संस्थेला द्या, किमतीची पावती घ्या, ८०जी या देणगीवरच्या आयकर-सवलतीच्या कलमाखाली कर वाचेल. वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

८०जीची वजावट फक्त पैशाच्या रूपातल्या देणगीला मिळते. कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे. वस्तू कितीही महाग असो, पावतीवर शिक्का असो, वजावट शून्य. रोख देणगीही २००० रुपयांपर्यंतचीच धरतात. जास्त द्यायची तर चेकनं किंवा ऑनलाइन द्या. नवी करप्रणाली लागू असेल तर ही वजावट मुळातच नाही. म्हणून संस्थेतल्या माणसाकडे ‘पावतीवर पाच हजार लिहा’ असा हट्ट धरू नका. त्यात तुमचा फायदा नाहीच, तो मात्र नाहक अडचणीत येतो.

मग वस्तू द्यायच्या नाहीत? जरूर द्या. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेकाठची घरं पाण्यात गेली, तेव्हा कोरडं पांघरूण आणि एक पातेलंसुद्धा किती मोलाचं असतं ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. फक्त आधी फोन करून काय हवंय ते विचारा. कुकर देताना रबर आणि शिट्टी तपासा. साडी धुऊन द्या, फॉल उसवला असेल तर टाके घाला. कपाटाबरोबर किल्लीही द्या.