प्रादेशिक व्यापार सहकार्याचे आर्थिक परिणाम : माळव्याच्या संदर्भात

शेजारच्या किंवा परस्परांशी जोडलेल्या देशांनी आपसांतील आयात शुल्क व इतर अडथळे कमी करण्यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे प्रादेशिक व्यापार सहकार्य. काही वस्तूंवर सवलतीचे शुल्क (दक्षिण आशियात साप्टा करार, 1995), मुक्त व्यापार क्षेत्र (तिथलाच पुढचा साफ्टा करार, 2006), बाहेरच्यांसाठी एकच शुल्क असलेला जकात संघ आणि सामाईक बाजारपेठ या तिच्या चढत्या पायऱ्या. सर्व सदस्यांना सारखी वागणूक देण्याच्या जागतिक नियमाला गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे कलम 24 ही मोकळीक देते. भारताचे महत्त्वाचे करार मुक्त व्यापार क्षेत्राचे आहेत. त्यांत प्रत्येक देश बाहेरच्या मालावर आपले वेगळे शुल्क ठेवतो. पुढचे बहुतेक वाद या एका गोष्टीतून निघतात.

असा करार नेहमी फायद्याचाच असतो, हा समज जेकब व्हायनर यांनी 1950 मध्ये खोडला. समजा दूरच्या देशातील तेल किलोला 100 रुपये आणि शेजारी देशातील 115 रुपये पडते. सर्वांवर 20 टक्के शुल्क असेल तर दूरचे तेल 120 रुपयांना पडून विकले जाते आणि 20 रुपये तिजोरीत जातात. शेजाऱ्याला शुल्कमाफी दिली की 115 चे तेल बाजी मारते. ग्राहकाचे 5 रुपये वाचतात, सरकारचे 20 बुडतात, म्हणजे देशाचे किलोमागे 15 रुपयांचे नुकसान. याला व्यापाराचे विचलन म्हणतात. याउलट देशातच 118 रुपयांना तयार होणाऱ्या मालाची जागा शेजाऱ्याच्या 115 च्या मालाने घेतली, तर ती व्यापाराची निर्मिती. प्रत्यक्षातील करारात दोन्ही घडतात. हिशेब वस्तूगणिक मांडावा लागतो.

माळव्यात तो सोयाबीनवर मांडता येतो. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड (व्यापारात डीओसी) निघते. आयात तेल स्वस्त झाले की सॉल्व्हंट प्लांट (द्रावक वापरून तेल काढणारे कारखाने) आपला खरेदीचा भाव उतरवतात आणि इंदूरच्या छावणी मंडीत तो लगेच जाणवतो. देपालपूर-सांवेरच्या शेतकऱ्याचा तोटा होतो, त्याच वेळी शहरातील शेव-नमकीनच्या कारखानदाराचा तळणाचा खर्च घटतो. भारत खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो, त्यामुळे ही ओढाताण कायमची आहे.

मात्र सगळा दोष करारावर टाकणे बरोबर नाही. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाशी झालेल्या आणि 2010 मध्ये लागू झालेल्या करारात कच्च्या पाम तेलासाठी 37.5 आणि रिफाइंडसाठी 45 टक्के अशी शुल्काची मर्यादा टप्प्याटप्प्याने गाठायची होती. 30 मे 2025 च्या निर्णयाने कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आले. उपकर-अधिभार धरून कच्च्यावर 16.5 आणि रिफाइंडवर 35.75 टक्के पडू लागले. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत. म्हणजे इथे दर ठरवला तो दिल्लीने.

करारामुळे खरी गळती होते ती आडमार्गाने. सोयाबीन नावापुरतेच पिकवणाऱ्या नेपाळमध्ये कच्चे तेल कोलकाता-हल्दिया बंदरांतून जाते, तराईत (नेपाळच्या दक्षिणेकडील सपाट पट्ट्यात) रिफाइन होते आणि शून्य शुल्काने बिहारमधील रक्सौल, जोगबनी या सीमा-नाक्यांमार्गे परत येते. जानेवारी 2020 मध्ये भारताने रिफाइंड पाम तेलाच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा हा ओघ सोया तेलाकडे वळला. याआधी श्रीलंकेतही हेच झाले होते. तिथे पाम तेलावर शुल्क कमी, म्हणून 2000 च्या करारानंतर त्याचे वनस्पती तूप बनवून भारतात पाठवण्याचे कारखाने उभे राहिले. अखेर वर्षाला 2.5 लाख टनांची मर्यादा घालावी लागली.

यावरचा उपाय म्हणजे उद्गम नियम : माल खरोखर भागीदार देशातच तयार झाला का, याची कसोटी. ती दोन अंगांनी लागते, स्थानिक मूल्यवर्धन आणि शुल्क-वर्गीकरणातील बदल. कच्चे आणि रिफाइंड सोया तेल दोन्ही या वर्गीकरणातील 1507 या चार अंकी शीर्षकात येतात. त्यामुळे नुसत्या रिफायनिंगने शीर्षक बदलत नाही. सप्टेंबर 2020 पासून लागू झालेल्या कॅरोटार या भारतीय सीमाशुल्क नियमांनी उद्गमाची माहिती आणि पाच वर्षांची कागदपत्रे सांभाळण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली आहे. नुसते प्रमाणपत्र पुढे करून आता भागत नाही.

निर्यातदारालाही हेच नियम पार करावे लागतात. इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक गावाहून आसियान देशात सुटे भाग पाठवणाऱ्याला 35 टक्के प्रादेशिक मूल्य आणि सहा अंकी वर्गीकरणातील बदल दाखवावा लागतो. 1000 रुपयांच्या एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमतीत बाहेरचा कच्चा माल 620 चा असेल तर 38 टक्के मूल्य उरते आणि माल नियमात बसतो. पोलादाचा भाव चढून कच्चा माल 660 वर गेला की विक्रीची किंमत तीच असताना सवलत हातची जाते. म्हणून खर्चाचा तक्ता दर मोठ्या ऑर्डरला नव्याने करावा. मालाचा एचएस कोड (वर्गीकरणाचा क्रमांक) खरेदीदाराच्या कस्टममध्ये कोणता मानतात, हे माल निघण्याआधी विचारून घ्यावे. इनव्हॉइस आणि प्रमाणपत्रातील कोड जुळले नाहीत तर कंटेनर परक्या बंदरात अडकतो आणि डेमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचे भाडे) चढत राहते. कागदपत्रांचा खर्च शुल्कातील बचतीपेक्षा जास्त असेल तर छोटे कारखाने पूर्ण शुल्क भरूनच माल पाठवतात. कराराच्या लाभाच्या अंदाजांत हा खर्च फारसा धरला जात नाही, आणि हा त्या अंदाजांचा मोठा दोष आहे.

सार्क देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे 5 टक्केच आहे. संवेदनशील वस्तूंच्या लांब याद्या, सीमेवर ट्रक रिकामे करून माल दुसऱ्या गाडीत भरणे, एकमेकांच्या प्रयोगशाळांचे अहवाल न मानणे आणि भारत-पाकिस्तान तणाव ही त्याची कारणे आहेत. माळव्याच्या पेंडेला मात्र याच शेजारात गिऱ्हाईक आहे. अर्जेंटिनाची पेंड बहुधा स्वस्त असते, पण ती समुद्रमार्गे मोठ्या जहाजाने येते. बांगलादेश आणि नेपाळच्या कुक्कुटखाद्य कारखान्यांना इथून रेल्वेच्या रेकने किंवा ट्रकने हवी तेवढीच पेंड थोड्या दिवसांत मिळते.