माळवदावर तापवलेले सेल आणि ९० व्होल्टची बॅटरी

आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात माळवदावर पापड, कुरडया वाळत घातल्या की त्यांच्या शेजारीच आजोबांच्या रेडिओचे चार सेल पण असायचे. दुपारभर सेल तापायचे आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरते चालायचे. ह्याच्यामागं खरंच केमिस्ट्री आहे, आणि जुने हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेखातर घरी रेडिओ सेट चालवणारे लोक, ज्या बॅटऱ्यांवर सेट चालवायचे त्या समजायला हाच सेल पुरतो.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, रेडिओला एका बॅटरीत भागत नाही. व्हॉल्व्हमधली बारीक तार, म्हणजे फिलामेंट, तापवायला व्होल्टेज कमी पण करंट जास्त लागतो, ती ए बॅटरी. तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन नळीतल्याच प्लेट नावाच्या पत्र्याकडं ओढायला ४५, ६७.५ नाहीतर ९० व्होल्ट लागतात, करंट मात्र थोडासाच, ती बी बॅटरी, आणि तार आणि प्लेट यांच्या मधल्या जाळीला, म्हणजे ग्रिडला, थोडं मायनस द्यायला सी. आता कोरड्या सेलचे दीड व्होल्ट, म्हणजे ९० साठी ६० सेल एकामागं एक जोडायचे, आणि सगळ्यांतून करंट एकच जातो त्यामुळं मधला एक जरी वाळला तरी अख्खी रांग अडते.

मला अशा बी बॅटरीचा एक मेलेला खोका मिळाला होता, तो मी उघडला. वर पुठ्ठा, आत डांबर आणि मेण, आणि त्याच्या आत भाकरीची चवड असावी तशी चपट्या सेलची थप्पी. जस्ताची पातळ चकती, नवा असताना ओला, खारवलेला असणारा कागद, काळ्या मसाल्याची वडी, परत जस्त. कडेनं पांढरी भुकटी आलेली, जस्त भोकं पडून चाळणीसारखं झालेलं. ह्याच्याही आधीच्या बॅटऱ्यांत गोल सेल डाग देऊन जोडलेले असायचे.

मसाला तोच, १८६६ मध्ये लेक्लांशे नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं केलेला: जस्त, कार्बन, नवसागर आणि मँगनीज डायऑक्साइड. त्याचा सेल ओला होता, सांडायचा. १८८६ मध्ये गासनर नावाच्या जर्मन माणसानं नवसागराची लापशी करून तो कोरडा केला आणि तिथून सेल खरा हातात घेऊन फिरता आला. सेल चालताना जस्त झिजतं आणि कार्बनच्या बाजूला तयार झालेला माल साचून वाट अडवतो. तो हळूहळू पांगतो म्हणून दमलेला सेल नुसता ठेवला तरी थोडा सुधारतो, उन्हात हे जरा लवकर होतं. पण झिजलेलं जस्त काही परत येत नाही, उलट उन्हानं आतला ओलावा जातो आणि सेल गळायला लागतो. आजोबांना मिळायचा तो तेवढा एक तास.

१९२० च्या दशकात बऱ्याच हॅम लोकांना बी बॅटरीचा खर्च झेपायचा नाही, मग कुणी काचेच्या नळ्यांत शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड घालून घरीच चार्ज होणारी बॅटरी करायचे. एकेक नळी दोन व्होल्ट! केवढी चिकाटी असेल ती.

आज दुकानात मिळणारी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी त्याच घराण्यातली, साध्या प्रकारात आत सहा सेलच असतात. अशा दहा बॅटऱ्या एकीच्या बटणात दुसरीचं बटण अडकवत जोडल्या की ९० व्होल्ट, आणि फिलामेंटला एक मोठा सेल, असं करून मी एक जुना व्हॉल्व्हचा सेट चालवून बघितला. मात्र ह्या ९० व्होल्टचा झटका बसतो, आणि तेच चुकून फिलामेंटला लागले तर सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. मी वायरी तीनदा तपासल्या, खोलीतला दिवा बंद केला तेव्हा कुठं तार जेमतेम लाल दिसली, आणि मग मिडियम वेव्हवर परभणी केंद्र लागलं.