गर्भविकृतिजनक घटक (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

गरोदरपणी आईच्या शरीरात गेलेली औषधे, रसायने व व्यसनाचे पदार्थ, तिला झालेले काही संसर्ग आणि किरणोत्सर्ग यांपैकी ज्यांच्यामुळे गर्भाची घडण बिघडू शकते, त्यांना गर्भविकृतिजनक घटक म्हणतात. जन्मणाऱ्या दर १०० मुलांपैकी साधारण २ ते ३ मुलांत लक्षणीय जन्मजात व्यंग असते. त्यांपैकी बऱ्याच व्यंगांचे कारण सापडत नाही, काहींचे मूळ जनुकांत असते, आणि औषध किंवा रसायनाकडे खात्रीने बोट दाखवता येईल अशी प्रकरणे थोडीच असतात. मात्र टाळता येण्याजोगे जे काही आहे, त्याचा मोठा भाग या थोड्यांतच येतो.

वार (गर्भाला आईच्या रक्तातून पोषण पुरवणारा गर्भाशयातील अवयव) गर्भाला सर्व विषांपासून राखते, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकातही होता. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये आईला झालेला रुबेला (जर्मन गोवर) आणि बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध दाखवला. पुढे १९५७ पासून जर्मनीत विकले गेलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे व मळमळीवरचे औषध १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुले आखूड किंवा अर्धवट हातपाय घेऊन जन्मली होती, आणि त्या समजाला कायमचा तडा गेला.

घटक कोणता आणि किती, याइतकेच तो कधी पोटात गेला याला महत्त्व असते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे पाळी चुकते तेव्हाच चौथा आठवडा सरलेला असतो. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतात ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास बंद होते, आणि दहाव्या आठवड्यापर्यंत हृदय, हातपाय, ओठ यांची मूळ मांडणी होऊन गेलेली असते. दुसरीकडे, गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली की ती ‘लवकर नोंद’ समजली जाते, आणि तिसरा महिना लागेपर्यंत दिवस गेल्याचे घराबाहेर बोलायचे नाही ही रीतही खेड्यांत अजून पाळली जाते. आशाताईच्या वहीत नाव चढते तेव्हा सर्वांत नाजूक आठवडे बहुधा मागे पडलेले असतात. त्यानंतर मिळणारे सल्ले निरुपयोगी नसतात, कारण मेंदूची वाढ आणि बाळाचे वजन यांना शेवटपर्यंत धोका असतो. पण जन्मजात व्यंगापुरते बोलायचे तर ते उशिराचे ठरतात.

कापसाच्या पट्ट्यात या वेळापत्रकाला हंगामाची जोड मिळते. लग्ने उन्हाळ्यात लागतात आणि फवारणी जुलैपासून पुढे चालते, त्यामुळे नव्या सुनेच्या पहिल्या गरोदरपणाचे पहिले आठवडे नेमके फवारणीच्या दिवसांत येऊ शकतात. पाठीवर पंप बहुधा पुरुषाच्या असतो; पण विहिरीवरून पाणी आणून ड्रम भरणे, झाकणाने माप घेऊन औषध ओतणे, हाताशी आलेल्या काडीने ते ढवळणे ही कामे बाईकडे येतात. संध्याकाळी त्याच औषधाने भिजलेले कपडे ती उघड्या हातांनी, घरच्या कपड्यांसोबत धुते, आणि चार दिवसांनी त्याच वावरात निंदायला जाते. कीटकनाशकाला सगळीकडे ‘औषध’च म्हणतात, आणि हा शब्दही धोका सौम्य करतो. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हे औषध तोंडावाटे वा कातडीवाटे गेल्यास तातडीने किती घातक ठरेल एवढेच सांगतो. गर्भावरील परिणाम त्या रंगांत मोजलेला नसतो, म्हणून हिरवा त्रिकोण पाहून गरोदर बाईने निर्धास्त होण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हाची चर्चाही अशा तातडीच्या विषबाधेचीच होती. गर्भाच्या बाबतीत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत कीटकनाशकांचा संपर्क आणि काही व्यंगे यांचा संबंध दिसला आहे. मात्र अमुक एका रसायनाने अमुक व्यंग होते असे सिद्ध करणे अवघड जाते, कारण वावरात एका हंगामात अनेक रसायने पडतात.

व्यसनांच्या बाबतीत पुरावा अधिक पक्का आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा पूर्व विदर्भात बायकाही खातात, आणि तो तोंडात असला की भूक लागत नाही म्हणून कामाच्या दिवसांत जास्तच खाल्ला जातो. धूरविरहित तंबाखूमुळे बाळाचे वजन कमी भरते, वेळेआधी बाळंतपण आणि मृतजन्म यांचा धोका वाढतो. आईच्या धूम्रपानाचा संबंध ओठ व टाळू दुभंगण्याशीही आढळला आहे. मद्याची गर्भासाठी सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ठरलेली नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असली तरी मोहाची दारू प्यायली जाते, आणि गर्भापुरती तीही वेगळी नसते. गर्भाच्या मेंदूला होणारी इजा मद्यार्कामुळे होते, मग तो बाटलीतला असो की मडक्यातला.

औषधांपैकी या भागाला विशेष लागू पडणारी मोजकी आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया पेशींची वाढ रोखते, म्हणून मूल हवे असल्यास दिवस जाण्याआधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवावे लागते. मिरगीवरच्या व्हॅल्प्रोएटने दर १०० पैकी सुमारे १० बाळांत मोठे व्यंग आढळते. तरीही ते मनाने एकाएकी बंद करणे घातक असते, कारण झटका आई व बाळ दोघांवरही बेतू शकतो. मलेरियावरील प्रायमाक्विन गरोदर बाईला देत नाहीत, पण उपचाराविना राहिलेला मलेरिया अधिक वाईट, म्हणून दुसरी औषधे द्यावीच लागतात. हत्तीरोगाच्या सामूहिक औषधोपचारातून गरोदर स्त्रियांना वगळलेले असते. मात्र गोळ्या समोर गिळायला लावतात, आणि सासरच्या माणसांपुढे ‘दिवस गेलेत’ असे म्हणायला लाजणारी बाई त्या मुकाट्याने गिळू शकते.

दुभंगलेल्या ओठाचे कारण म्हणून आजही ग्रहणात विळीवर बसल्याचा दोष आईला दिला जातो. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही. या समजुतीचे खरे नुकसान असे की चौकशी ग्रहणापाशीच थांबते. खर्रा, फवारणी, घेतलेल्या गोळ्या किंवा घराण्यातले आधीचे व्यंग कोणी विचारत नाही.

संरक्षण देणाऱ्या गोष्टींत फॉलिक ॲसिड सर्वांत भरवशाचे आहे. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याआधीपासून चालू असेल, तर मेंदू व कण्याची बरीचशी व्यंगे टळतात. नोंदणीनंतर सुरू केलेली गोळी या कामाला बहुतेकदा पोहोचत नाही. रुबेलाची लसही गरोदरपणात देता येत नाही, ती त्याआधीच घ्यावी लागते.

नकळत संपर्क झाला म्हणून गर्भपात करावा असे नसते. छातीच्या एक्स-रेमधून गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते, तरी त्या भीतीपोटी चांगले गरोदरपण संपवले जाण्याचा धोका असतोच. काय घेतले, किती आणि कोणत्या आठवड्यात, हे सांगता आले तर डॉक्टरांना जोखमीचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी गोळीची रिकामी पट्टी किंवा औषधाच्या बाटलीवरचे लेबल सोबत नेणे उपयोगी पडते. बरीचशी ठळक व्यंगे १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसू शकतात. गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो.