वाफशाला रडारला काय दिसतं?

कृष्णाकाठच्या काळ्या रानात वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशी पेरणीजोगी ओल, आला की नाही, हे सांगलीचा शेतकरी मूठभर माती दाबून सांगतो. भूसुरुंग शोधणाऱ्या वाहनालाही मातीची ओल अशीच ओळखावी लागते. ती चुकली की बाकी सगळं चुकतं.

वाहनापुढे आडव्या दांड्यावर रडारच्या अँटेनांची रांग असते. रडारची लहर हवेत एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) 30 सेंमी जाते, बेताच्या ओलीच्या मातीत सुमारे 10 आणि चिंब चिकणमातीत 6. त्यामुळे 15 सेंमी खोल पुरलेल्या सुरुंगावरून लहर परतायला एरवी 3 नॅनोसेकंद लागतात, तर पावसानंतर 5. संगणकात जुनाच वेग राहिला, तर तोच सुरुंग 25 सेंमीवर दिसतो. शिवाय ओली काळी माती लहर शोषून घेते. म्हणून कोरडी माती बरी, असंही नाही. प्लास्टिकचा सुरुंग आणि कोरडी वाळू रडारला जवळपास सारखीच वाटतात. फरक उठून दिसतो तो वाफशाला. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात तर प्रत्येक फट खोटा इशारा देते.

साताऱ्याकडे वर गेलं की दुखणं बदलतं. बेसाल्टच्या मुरमात आणि कासच्या जांभ्यात लोहखनिजं असतात, त्यामुळे मेटल डिटेक्टर नुसत्या मातीवरही वाजतो. त्याची कॉइल त्याच मातीवर शून्याला आणावी लागते. तिचा दांडा फायबरचा हवा, नाहीतर ती वाहनाचंच लोखंड पकडते.

चाचणीचा पट्टा तयार करताना सर्वांत मोठी चूक होते ती खड्ड्यांची. स्फोटकाच्या जागी सिलिकॉन रबर भरलेले नकली सुरुंग आज पुरून उद्या वाहन फिरवलं, तर यंत्र सुरुंग ओळखायला शिकत नाही, उकरलेली भुसभुशीत माती ओळखायला शिकतं. निकाल मात्र झकास येतात! म्हणून एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि तितकेच रिकामे खड्डे खणून बुजवावेत. ठिबकच्या नळीचा तुकडा, जुना फाळ, ढोराचं हाडूक हेही मुद्दाम पुरावं.

वेगाचा हिशोब साधा आहे. ताशी 10 किमी म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर. अँटेना चाकांच्या 2 मीटर पुढे असेल आणि इशारा मिळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर चाक सुरुंगावरून पुढे गेलेलं असतं. ताशी 3 किमीला तेवढ्याच वेळात 83 सेंमी अंतर जातं. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे गावात घराघरातून जवान सैन्यात जातात. त्यांच्यापुढे चालणाऱ्या वाहनाने घाई करता कामा नये. रस्ता लांब असेल तर वाहनं वाढवावीत, वेग नाही.