गंधकाचे दोन जीवाणू : एकाला ऊन लागतं, दुसऱ्याला नाही

सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या दलदलीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पोटात गंधकाचे चकचकीत कण भरलेले जीवाणू दिसतात. काही जांभळट-गुलाबी, काही रंगहीन तंतू. दोघांनाही हायड्रोजन सल्फाइड लागतो, दोघंही त्याचं आधी गंधक आणि मग सल्फेट करतात. म्हणून पुष्कळदा ‘हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे’ म्हणून दोघांची एकाच दमात बोळवण होते. मला हे वर्णन खटकतं, कारण त्यात मुख्य गोष्टच झाकली जाते. हा वायू रंगहीन जीवाणूंचं इंधन आहे, जांभळ्यांचं नाही.

कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायची तर दोन गोष्टी हव्यात : ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन. क्रोमॅशियमसारखे जांभळे जीवाणू ऊर्जा सूर्यप्रकाशातून घेतात. हायड्रोजन सल्फाइडकडून त्यांना हवे असतात ते फक्त इलेक्ट्रॉन. झाडं हेच इलेक्ट्रॉन पाण्याकडून घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. इथे ऑक्सिजनऐवजी गंधक उरतं. हे साम्य सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हॅन नील यांनी 1931 साली मांडलं आणि त्यातूनच झाडांचा ऑक्सिजन पाण्यातून येत असावा असा तर्क निघाला. तो पुढे खरा ठरला.

बेगियाटोआ हा रंगहीन तंतू मात्र हायड्रोजन सल्फाइड अक्षरशः ‘जाळतो’. ऑक्सिजनशी त्याचा संयोग होताना सुटणारी ऊर्जा हीच त्याची कमाई, आणि इलेक्ट्रॉनही तिथूनच. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी 1887 मध्ये हे ज्या साधेपणाने दाखवलं त्याचं मला अजून अप्रूप वाटतं. तंतूंना हायड्रोजन सल्फाइड असलेलं पाणी दिलं की आतले कण वाढत. हायड्रोजन सल्फाइडचा पुरवठा तोडला की कण विरघळून नाहीसे होत आणि मग तंतूंची उपासमार सुरू होई. म्हणजे गंधक हा टाकाऊ माल नव्हता, शिधा होता. निव्वळ खनिज द्रव्याच्या ऊर्जेवर कुणी जगू शकतं ही कल्पना इथूनच रुजली.

राहण्याच्या जागाही यावरून ठरतात. जांभळ्यांना उजेड हवा, ऑक्सिजनची गरज नाही. स्वित्झर्लंडमधल्या कदान्यो सरोवरात सुमारे 12 मीटर खोलीवर त्यांचा गुलाबी थर तरंगत असतो. (त्यांच्यातले काही थोडा ऑक्सिजन मिळाला तर अंधारातही तग धरतात, पण तो त्यांचा नेहमीचा धंदा नव्हे.) बेगियाटोआची अडचण मोठी आहे. त्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही हवेत, पण ते एकत्र आले की आपापसातच संपतात. मग तो चिखलाच्या पृष्ठभागी, दोघांची जेमतेम गाठ पडते त्या पातळशा थरात सरकत राहतो. नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या गाळातल्या थायोमार्गारिटा या जीवाणूने वेगळा मार्ग काढला आहे. तो पेशीतल्या पोकळीत नायट्रेट साठवतो आणि ऑक्सिजन नसताना त्यावर भागवतो. 1999 मध्ये वर्णन झालेला हा जीवाणू 0.75 मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतो.

1977 साली गॅलापागोसजवळ सुमारे 2,500 मीटर खोलीवर उष्ण झरे सापडले. तिथल्या तोंड-आतडं नसलेल्या नळीकृमींना पोसणारे जीवाणू बेगियाटोआच्याच रीतीने जगतात. ‘सूर्याशी संबंध नसलेलं जग’ असं त्याचं वर्णन वाचायला मिळतं. पण ते जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन वरच्या उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणातून आलेला असतो. सूर्याचं देणं तिथेही पोचलेलंच आहे.

आणि अंधाऱ्या तळाशी फक्त रंगहीन मंडळीच असतात, असंही नाही. पॅसिफिकच्या अशाच एका झऱ्याजवळून मिळालेल्या हिरव्या गंधक-जीवाणूचं वर्णन 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. हा जांभळ्यांच्या रीतीचा, उजेडावाचून न वाढणारा. तिथे सूर्यकिरण पोचत नाहीत; झऱ्याच्या तप्त पाण्याची अत्यंत मंद चमक तेवढी असते.