पासष्टीच्या पुढं लायसन माफ, पण बिल कुणाच्या नावावर?

एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे हे सगळ्यांना माहितीय. कागल ते कोल्हापूर गाडीत आजोबा आधार कार्ड काढतात, कंडक्टर मशीनवर शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो, आणि शेजारचा कुणीतरी हमखास विचारतो की पैसेच घ्यायचे नाहीत तर तिकीट कशाला. कारण साधं आहे, त्या शून्याच्या तिकिटांची बेरीज करून एसटी सरकारकडं सवलतीचे पैसे मागते, तिकीट नाही फाडलं तर म्हातारा बसला होता याचा पुरावाच नाही. हे डोक्यात ठेवा, कारण आज जो विषय आहे तो मासे पकडायच्या लायसनचा आहे, आणि तिथं हेच शून्याचं तिकीट बऱ्याच ठिकाणी कुणी फाडलंच नाही.

अमेरिकेत गळ टाकून मासे धरायचे असतील तर त्या त्या राज्याचं लायसन काढावं लागतं, वर्षाची फी भरून. फ्लोरिडा, अलाबामा अशा राज्यांत तिथल्याच रहिवाशाचं वय ६५ झालं की लायसन लागत नाही. कॅनडात ऑन्टारियोमध्ये पण तसंच, ओळखपत्र खिशात ठेवा आणि जा नदीवर. आता ही माफी द्यायची की नाही असा विषय विधानसभेत आला की कुणीतरी खर्च काढतं, आणि तो बहुतेक वेळा असा निघतो : म्हातारे किती गुणिले फी किती. झालं. हे गणित दोन्ही बाजूंनी चुकतं, कधी खर्च कमी दाखवतं कधी जास्त, आणि का चुकतं ते बघण्यातच खरी मजा आहे.

कमी कसा दाखवतं ते आधी. १९५० साली अमेरिकेत डिंगेल-जॉन्सन नावाचा कायदा झाला. रॉड, रीळ, गळ असल्या सामानावर केंद्राचा टॅक्स, आज बहुतेक सामानावर १० टक्के, तो कंपनी भरते म्हणजे शेवटी गिऱ्हाईकच भरतं. १९८४ ला त्यात मोटारबोटीच्या पेट्रोलवरच्या टॅक्सचा वाटा पण आला. हा सगळा पैसा एका हंड्यात जातो आणि तिथून राज्यांना वाटला जातो, मासे सोडायला, नदीकाठ नीट करायला, संशोधनाला. वाटणीचा नियम ठरलेला आहे : ४० टक्के रक्कम राज्याचं क्षेत्रफळ बघून आणि ६० टक्के रक्कम त्या राज्यात किती माणसांनी पैसे देऊन लायसन घेतलंय ते बघून. पैसे देऊन, हे शब्द महत्त्वाचे. फुकट लायसनवाला माणूस या मोजणीत धरतच नाहीत, मग तो रोज नदीवर बसलेला असो.

म्हणजे एका म्हाताऱ्याला माफी दिली की राज्याची फी जाते आणि वर केंद्राकडून त्याच्या डोक्यामागं येणारा वाटा पण जातो. एक काल्पनिक राज्य घेऊ. ६५ च्या वरचे १ लाख लोक १२ डॉलर भरून लायसन काढतात, आणि प्रत्येक लायसनमागं केंद्राच्या हंड्यातून ८ डॉलर येतात असं धरू (आकडे माझे, समजायला सोपे म्हणून घेतलेत). फी माफ केली तर आमदार म्हणतील खर्च १२ लाख डॉलर, खरा खड्डा २० लाखांचा. आणि अजून एक आहे. केंद्राचा पैसा घ्यायचा तर राज्यानं कामाच्या खर्चातला किमान २५ टक्के स्वतःचा घालावा लागतो, केंद्र ७५ पर्यंत देतं, म्हणजे खिशातला १ डॉलर घातला तर वरून ३ येतात. राज्याचा हा हिस्सा बऱ्याचदा लायसनच्या फीतूनच निघतो, त्यामुळं ज्या राज्याची आधीच ओढाताण चाललीय त्याला फी गेली की मंजूर झालेला पैसा पण उचलता येत नाही.

यातली गंमत अशी की तो माफी मिळालेला म्हातारा टॅक्स भरतोच आहे. नवीन रॉड घेतला, भरला टॅक्स. बोटीत पेट्रोल टाकलं, भरला टॅक्स. त्याचा पैसा हंड्यात गेला, पण त्याच्या राज्याच्या यादीत त्याचं डोकं नाही, मग तो पैसा ज्या राज्यांनी म्हाताऱ्यांकडून थोडी का होईना फी घेतली त्यांच्याकडं वाहत गेला. देशाच्या पातळीवर बघितलं तर यात काहीच बुडालं नाही, एकाचं गेलं ते दुसऱ्याला मिळालं. म्हणून 'या सवलतीचा खर्च किती' याला एक उत्तर नाहीच, कुणाच्या वहीतून बघताय त्यावर आहे. शिवाय वाटणीत एक वरची आणि एक खालची मर्यादा आहे, कुठल्याच राज्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि १ टक्क्यापेक्षा कमी नाही. टेक्सास, कॅलिफोर्निया, अलास्का वरच्या मर्यादेला टेकलेले, ऱ्होड आयलंड आणि डेलावेअरसारखी चिमुकली राज्यं खालच्या. असल्या टोकाच्या राज्यानं काही हजार म्हातारे यादीतून काढले तरी त्याच्या वाट्यात फारसा फरक पडत नाही, मधल्या राज्यांना मात्र एकेक डोकं महाग पडतं. तीच सवलत, तेच वय, आणि खर्च राज्यागणिक वेगळा.

मग तोडगा काय निघाला असेल? फुकट द्यायचं नाही, जवळपास फुकट द्यायचं. मोजणीत धरायला खर्च वजा जाऊन राज्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे अशी अट आहे, २०१९ च्या नियमानं ती वर्षाला २ डॉलर अशी स्पष्ट केली. म्हणजे म्हाताऱ्याकडून वर्षाचे ३-४ डॉलर घेतले तरी तो यादीत आला. मला तर वाटतं या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा आकडा हाच आहे. शून्य आणि २ यांच्यातला फरक १० आणि १२ मधल्या फरकाएवढा नसतो, कारण शून्याला माणूस यादीतून गायब होतो.

आता खर्च जास्त कसा दाखवला जातो ते. समजा आधीपासून माफी आहे आणि कुणी म्हटलं की २ लाख म्हातारे आहेत, १२ डॉलर लावा, २४ लाख मिळतील. मिळत नाहीत. त्यातले काही म्हणतील राहू दे, आता गुडघे पण दुखतात, आणि येणंच सोडतील. काही वर्षातनं एकदा नातवाबरोबर जाणारे असतात, ते लायसन काढणार नाहीत. लायसनची फी हा मासेमारीच्या एकूण खर्चातला छोटा भाग असतो, गाडी, पेट्रोल, सामान यापुढं ती काहीच नाही, त्यामुळं रोज जाणारा माणूस फीमुळं थांबत नाही, कधीतरी जाणारा थांबतो. म्हणून हिशोब करताना किती म्हातारे आहेत हे नाही तर किती म्हातारे पैसे देऊनही आले असते हे लागतं.

आणि हा आकडा वर्षानुवर्षं एकसारखा राहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत भरपूर पोरं जन्मली, त्यातली पहिली २०११ ला पासष्टीला पोचली आणि शेवटची २०२९ ला पोचतील. म्हणजे सवलत ज्या काळात लिहिली तेव्हा म्हातारे थोडे होते, आता लाटच आलीय, आणि या पिढीला मासेमारीचा नाद पण मोठा. फी भरणारी मधल्या वयाची माणसं रांगेतून निघून थेट माफीच्या रांगेत जाऊन उभी राहतात, लायसनची विक्री घसरते आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं की लोकांनी गळच सोडला.

काही राज्यांनी यातून हळूच सुटका करून घेतली. टेक्सासमध्ये १ जानेवारी १९३१ च्या आधी जन्मलेल्यांना लायसन लागत नाही, त्यानंतरच्या म्हाताऱ्यांना कमी पैशात मिळतं. टेनेसीमध्ये १ मार्च १९२६ च्या आधीचे माफ. बघा डोकं कसं चालवलंय, वय लिहिलं की दरवर्षी नवीन लोक आत येतात, जन्मतारीख लिहिली की दार बंद, आत असलेल्यांची सवलत काढली असं पण होत नाही आणि खर्च आपोआप कमी होत होत शून्यावर येतो. राजकारण्यांना हे फार आवडत असणार, कारण कुणाच्याच तोंडून काही काढून घ्यावं लागत नाही.

पैशाचं झालं, पण विज्ञानाच्या बाजूनं माझ्या मते मोठा तोटा वेगळाच आहे. पाण्यात मासे किती आणि त्यातले पकडले किती जातात हे कळल्याशिवाय किती सोडायचे, किती धरू द्यायचे काहीच ठरवता येत नाही. मासे मोजायची एक जुनी युक्ती आहे : २०० मासे धरून खूण करून परत सोडायचे, काही दिवसांनी परत ३०० धरायचे, त्यात खुणेचे १५ निघाले तर एकूण अंदाजे ४,००० मासे (२०० गुणिले ३०० भागिले १५). मासे बिचारे मोजून घेतात. पकडणारी माणसं मोजणं अवघड. त्यासाठी लायसनची यादी लागते, यादीतली काही नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, फोन करायचा किंवा पत्र पाठवायचं, किती दिवस गेला, काय मिळालं, घरी किती नेलं. ज्याला लायसनच लागत नाही तो या यादीत नाही. आणि रिटायर माणूस तर नोकरीवाल्यापेक्षा जास्त दिवस काठावर असतो, मंगळवारी सकाळी सात वाजता तिथं दुसरं कोण असणार. म्हणजे जो गट सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर तोच हिशोबाच्या बाहेर. मग माणूस काठावर पाठवून मोजणी करावी लागते, रविवारची वेगळी, आडवारची वेगळी, आणि तो खर्च माफीच्या कागदावर कधीच लिहिलेला नसतो.

इंग्लंडनं हे बरोबर पकडलंय. तिथं १३ ते १६ वर्षांच्या पोरांना २०१७ पासून रॉडचं लायसन फुकट आहे, पण काढावंच लागतं, नाव नोंदवावं लागतं. म्हाताऱ्यांना तर माफी नाहीच, फक्त फी कमी.

आता हे सगळं आपल्या कोल्हापुरात आणून बघू, कारण आपल्याकडं कळंबा, राजाराम तलाव, रंकाळा कुठंही गेलं की काठावर गळ टाकून बसलेले दोनचार काका-आजोबा दिसणारच, आणि त्यांना कोण कुठलं लायसन विचारतंय. आपली पद्धत वेगळी आहे. गोड्या पाण्याचे तलाव बऱ्याच ठिकाणी मासेमारीच्या ठेक्यानं जातात, मच्छीमार सोसायटी ठेका घेते, पैसे भरते, बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं आणून सोडते, आणि मग जाळं लावून मासे काढते. अशा तलावावर गळवाल्या आजोबांना आपण 'जाऊ दे, म्हातारा माणूस आहे' म्हटलं तर ती पण फी माफीच झाली. फक्त माफी देणारे आपण आणि बिल सोसायटीचं.

पण बिल किती, ते गळाला काय लागलं त्यावर ठरतं, आणि हे मला लई आवडतं. कटला, रोहू, मृगळ हे मासे बांधीव तलावात साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी, चढतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज हॅचरीत करावं लागतं, माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क किंवा तसलं हार्मोन टोचून. ही गोष्ट डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ ला आपल्या देशातल्या या माशांवर पहिल्यांदा यशस्वी करून दाखवली, म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. सांगायचा मुद्दा, तलावातला प्रत्येक कटला कुणीतरी पैसे देऊन विकत आणून सोडलेला असतो, तो आजोबांच्या पिशवीत गेला की तेवढं नुकसान नक्की, त्याच्या जागी दुसरा आपोआप येणार नाही.

चिलापीचं (तिलापियाचं) उलटं. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ ला बाहेरून आणला, त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लं पण धोका दिसला की तिच्या तोंडात शिरतात, वर्षातनं कितीतरी वेळा वीण होते. त्यामुळं तलावात चिलापी एकदा शिरली की हटत नाही, गर्दी एवढी होते की सगळ्यांची वाढ खुंटते, आणि कटला-रोहूच्या वाट्याचं खाणं पण खाऊन टाकते. गांडूळ लावून बसलेल्या आजोबांनी डझनभर बारकी चिलापी नेली तर सोसायटीचं नुकसान शून्य, उलट थोडी मदतच. कणकेची नाहीतर पेंडीची गोळी लावून मोठा रोहू काढला तर गोष्ट वेगळी.

म्हणून उद्या कुणी तलावावर ज्येष्ठांसाठी गळाचा पास काढायचा म्हणालं तर माझी सूचना अशी राहील की फुकट देऊ नका, वर्षाला १० रुपये घ्या, नाव आणि फोन लिहून घ्या, आणि त्या १० रुपयांत चिलापी, शिंगटी, मरळ काय वाट्टेल ते न्यायची परवानगी द्या, सोडलेला कटला-रोहू लागला तर परत पाण्यात. महिन्याला त्यातल्या विसेक जणांना फोन करून काय लागलं एवढं विचारलं तरी तलावात चिलापी किती माजलीय याचा अंदाज येईल, आणि पुढच्या पावसाळ्यात बोटुकली किती आणायची ते ठरवायला सोसायटीला तो उपयोगी पडेल. १० रुपये भरायला आजोबा कुरकुर करतील हे मान्य, पण ते तर आलं लसणासाठी पण भाजीवालीशी हुज्जत घालतातच.