घेवडा शेजारच्या झाडाला खत पुरवत नाही

पुण्यातल्या गच्चीबागांमध्ये वर्षानुवर्षं एक सल्ला फिरतोय: वांग्याच्या कुंडीत श्रावणघेवडा लावा, तो मुळांतून नत्र (नायट्रोजन) सोडतो, वेगळं खत नको. मीही तो मानला, आणि कोथरूडच्या गच्चीवर माझ्या वांग्यांची खालची पानं पिवळी पडली.

घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात, हे खरंच. पण तो नत्र घेवडा स्वतःच वापरतो आणि त्यातला मोठा वाटा शेंगांत जातो, म्हणजे आपल्या भाजीत. शिवाय कडधान्यांच्या कुळात घेवडा या कामात बराच मागे. राजमा म्हणजे त्याच जातीचं पीक, आणि त्यालाही शेतकरी नत्राची मात्रा देतात.

एक रोप हळूच उपटून गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

इतर झाडांना नत्र मिळतो तो मुख्यतः मुळं-पाला कुजल्यावर. म्हणून शेंगा संपल्या की झाड मातीलगत कापा, मुळं आत राहू द्या, पाला वर पसरा, मग तिथे पालक पेरा. वांग्याला मात्र शेणखत आत्ताच घाला.